सूक्ष्म उपग्रहीय स्थाननिश्चिती

कृत्रिम उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओ तरंगांच्या साहाय्याने पृथ्वीवरील एखाद्या बिंदूचे स्थान काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक ठरविण्याच्या पद्धतीस सूक्ष्म उपग्रहीय स्थाननिश्चिती म्हणतात. १९८०–९० या दशकात ही पद्धत मुख्यतः भूगणितीय संस्थांच्याच आवाक्यात होती. पुढे ती हौसेने इलेक्ट्रॉनिकीय उपकरणे बनविणाऱ्यांच्या हाती आली.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जीपीएस या प्रणालीचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला व १९९५ मध्ये ही प्रणाली पूर्णपणे कार्यान्वित झाली. तीतील उपग्रह वाहक तरंगावर एक सांकेतिक स्पंदमाला पाठवितो. ती पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून ग्राही (संदेश ग्रहण करणारे उपकरण) उपग्रहाचे अंतर काढतो. नागरी स्पंदमालेतील एका घटकाची लांबी सु. ३०० मी. असल्याने व आयनांबरात संदेशाला विलंब होत असल्याने या रीतीने मिळणारे स्थान काही मीटरांनी चुकते. याउलट, १,५७५·४२ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या वाहक तरंगाची लांबी केवळ सु. १९ सेंमी. असते. त्याची कला (आवर्तनातील अवस्था) मोजल्यास अंतरातील फरक मिलिमीटरांपर्यंत कळतो. मात्र कलेवरून आवर्तनाचा अंशच समजतो. उपग्रह व ग्राही यांच्यामध्ये किती पूर्ण तरंग आहेत, हे समजत नाही. ही पूर्णांक संख्या शोधणे हा या विषयातील मुख्य प्रश्न होय.

त्याच्या उत्तराची दिशा रेडिओ ज्योतिषशास्त्रातून मिळाली. एकाच खस्थ पदार्थाकडून आलेल्या तरंगांची दूरदूरच्या आकाशकांद्वारे (अँटेनांद्वारे) तुलना करण्याची पद्धत तेथे रूढ होती. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील चार्ल्स कौन्सेलमन व त्यांचे सहकारी यांनी ती उपग्रहांना लागू केली. १९८२ मध्ये आलेले ‘मॅक्रोमीटर’ हे उपकरण स्पंदमालेचा संकेत न जाणताच कलामापन करीत असे. जवळपासच्या दोन ग्राहींच्या मापनांची वजाबाकी केली असता उपग्रहांच्या घड्याळांतील दोष नाहीसे होतात व उपग्रहकक्षेचे आणि वातावरणाचे दोष बरेच कमी होतात. त्यामुळे अमेरिकेने नागरी संदेशात हेतुपुरस्सर मिसळलेला व मे २००० मध्ये काढून घेतलेला दोषही या पद्धतीत फारसा बाधक ठरला नाही.

१९८५ च्या सुमारास बेंजामिन रेमंडी यांनी एक ग्राही स्थिर ठेवून दुसरा हलता असतानाही असे मापन करण्याची रीत विकसित केली. १९९३ मध्ये डेल्फ्ट येथील पीटर टेउनिसन यांनी पूर्णांक संख्या त्वरित शोधण्याची ‘लँब्डा’ ही गणितीय रीत मांडली. स्थिर ग्राहीची मापने रेडिओद्वारे हलत्या ग्राहीकडे पाठवून जागच्या जागी स्थान काढणेही याच दशकात व्यवहारात आले. परंतु उपकरणे फार महाग होती.

टोकिओ सागरी विज्ञान व तंत्रविद्या विद्यापीठातील तोमोजी ताकासू यांनी ‘आरटीकेलिब’ ही संगणकीय आज्ञावली सर्वांस खुली केली आणि कलेची मापने देणारे स्वस्त ग्राहीही या कामास पुरतात, हे २००९ मध्ये आपल्या सहकाऱ्यासह दाखविले. स्थिर ग्राहीची मापने इंटरनेटवरून पाठविण्याची ‘एनट्रिप’ ही पद्धत २००४ मध्येच प्रमाणित झाली होती. २०१८ मध्ये यू-ब्लॉक्स या स्विस कंपनीने अनेक उपग्रहप्रणालींचे संदेश दोन कंप्रतांवर घेणारा ‘झेड-ई-डी एफ-९-पी’ हा लहानसा घटक जाहीर केला. अशा घटकांमुळे अनुकूल स्थितीत पूर्णांक संख्या काही सेकंदांत निश्चित होते. स्वयंचलित गवतकापणी यंत्रे, ड्रोन व ट्रॅक्टर यांच्या मार्गदर्शनासाठी हौशी मंडळी त्यांचा उपयोग करतात.

तथापि ही अचूकता सापेक्ष आहे. स्थिर ग्राहीचे स्थान एक मीटरने चुकीचे दिल्यास हलत्या ग्राहीचे प्रत्येक स्थान तितकेच चुकते, मग त्यातील सुसंगती कितीही सूक्ष्म असो. भिंतींवरून परावर्तित होणारे तरंग, झाडांची छाया व दोन ग्राहींतील वाढते अंतर यांमुळेही दोष येतात. महाराष्ट्रात भूमी अभिलेख विभागही मोजणीसाठी असे हलते ग्राही (रोव्हर) वापरतो; परंतु हद्दीच्या वादात घरी जुळविलेल्या उपकरणाचे माप अधिकृत मोजणीची जागा घेऊ शकत नाही. शिवाय पृथ्वीच्या जागतिक संदर्भचौकटीत भारतीय भूपट्ट वर्षाला सु. ५ सेंमी. ईशान्येकडे सरकत असल्याने स्थानाबरोबर मापनाचा दिनांक व संदर्भचौकट नोंदविणे आवश्यक ठरते.