पाचशे एक रुपयांचा फोन: मोबाईलचे करार, हप्ते आणि बुलढाण्याचा शेतकरी

जुलै २००३. बुलढाणा जिल्ह्यात कपाशी-सोयाबीनच्या पेरण्या उरकत आलेल्या. बियाणे, खत आणि मजुरी यांवर हाताशी होते ते सारे खर्च झालेले. नेमक्या याच महिन्यात रिलायन्स इन्फोकॉमने देशभर जाहिरात केली: ५०१ रुपये भरा आणि मोबाईल संच जोडणीसह घरी न्या. योजनेचे नाव ‘मान्सून हंगामा’. हंगाम आणि हंगामा या दोन शब्दांत किती अंतर आहे, हे जाहिरात लिहिणाऱ्यांच्या मनातही आले नसावे. शेतकऱ्याला मात्र ते पुढच्या प्रत्येक महिन्याच्या बिलात मोजावे लागणार होते.

हा धागा त्या ५०१ रुपयांचा, आणि त्यानंतरच्या पंधरा वर्षांत फोन निवडण्याची रीत कशी बदलत गेली याचा.

दूरवरच्या निरोपाला पैशाचे मोल असते, हे या जिल्ह्याला नव्याने शिकवावे लागले नव्हते. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत कापसासाठी रेल्वेचा फाटा टाकला गेला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला खामगावात आले. त्याच वर्षी समुद्राखालून टाकलेली तार मुंबईला येऊन पोहोचली. वऱ्हाडचा कापूस आणि लिव्हरपूलचा भाव तारायंत्राने एकमेकांना बांधले गेले. भाव कळत होता तो व्यापाऱ्याला. गाडीवर कापूस लादून आलेल्या शेतकऱ्याला तो बाजारात पोहोचल्यावरच कळे, आणि ही विषमता पुढे शंभराहून अधिक वर्षे टिकली.

आता थेट १९९५. ३१ जुलै रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना दिल्लीत फोन केला. भारतातील पहिला मोबाईल कॉल तो हाच. त्या काळी गर्दीच्या वेळी मिनिटाला सुमारे १६ रुपये लागत, आणि आलेला कॉल घेण्याचेही पैसे द्यावे लागत. परवाने देण्यासाठी देशाची ‘सर्कल’मध्ये विभागणी झाली होती. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल. तेथे बिर्ला एटी अँड टी (पुढची आयडिया) आणि बीपीएल या दोन कंपन्यांना परवाने मिळाले. परवान्याचे अवाढव्य शुल्क फेडायचे, तर मनोरे पुण्या-नाशकासारख्या शहरांत आधी उभे राहणार, हे ओघानेच आले. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी महसुलातील वाटा घेण्याची पद्धत आणली आणि कंपन्यांना श्वास घेता आला. ऑक्टोबर २००२ मध्ये सरकारी बीएसएनएलची ‘सेलवन’ सेवाही सुरू झाली.

डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स या खेळात उतरली ती स्वस्ताईची द्वाही फिरवीत. फोनवर बोलणे पोस्टकार्डापेक्षा स्वस्त व्हावे, हे धीरूभाईंचे स्वप्न म्हणून सांगितले जाई. पोस्टकार्ड ५० पैशांना मिळे. रिलायन्सच्या एका फोनवरून देशातल्या दुसऱ्या रिलायन्स फोनवर बोलण्याचा दर मिनिटाला ४० पैसे ठेवण्यात आला.

परंतु स्वस्ताईमागचे तंत्र समजून घेतल्याशिवाय त्या कराराचा अर्थ लागत नाही. कंपनीची सेवा सीडीएमए तंत्रावर चाले. तिच्या संचात सिमकार्ड नव्हते. क्रमांक संचातच भरलेला असे. म्हणजे संच बदलायचा तर कंपनीच्या दारी जाणे आले, आणि कंपनी बदलायची तर संच आणि क्रमांक दोन्ही सोडणे आले. त्यातच मूळ परवाना ‘मर्यादित संचारा’चा होता. कागदोपत्री तो फोन सुमारे एका तालुक्याएवढ्या क्षेत्रातच फिरवायचा. कंपनीने कॉल वळवण्याची युक्ती योजून ही वेस ओलांडली, जीएसएम कंपन्यांनी कज्जे केले, आणि अखेर नोव्हेंबर २००३ मध्ये एकत्रित परवान्याच्या धोरणाने हा वाद मिटला.

संच मात्र खरोखर आकर्षक होते. एलजी आणि सॅमसंगचे हे फोन बातम्या, क्रिकेटचा धावफलक आणि खेळ दाखवीत. ५०१ रुपयांत एवढे काही! उरलेली किंमत महिन्यामहिन्याच्या देण्यात विखुरलेली होती. येथेच गणित बिघडत होते. पगारदाराचे उत्पन्न महिन्याला येते, कोरडवाहू शेतकऱ्याचे दिवाळीच्या आगेमागे. सोयाबीन बाजार समितीत जाते आणि कापसाची पहिली वेचणी विकली जाते, तेव्हा हाती रोख रक्कम पडते. मासिक बिलाचा करार हा मुळात पगारदाराचा करार आहे. देशभर असंख्य ग्राहकांनी पुढे बिले थकवली आणि कंपनीला मोठी थकबाकी सोसावी लागली. त्यामागे निव्वळ लबाडी होती असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे आहे.

त्याच वर्षी दुसरीकडे एक अगदी साधा फोन बाजारात आला: नोकिया ११००. त्याला ना कॅमेरा, ना रंगीत पडदा. मात्र धूळ आत जाऊ न देणारा कळफलक, ओल्या हातातून न निसटणारी पाठ, दिवसेंदिवस टिकणारी बॅटरी आणि डोक्यावर छोटी विजेरी. त्या दशकात ग्रामीण महाराष्ट्र भारनियमनाने गांजलेला होता. कृषिपंपाला वीज मिळे ती बहुधा रात्री, आणि पाणी द्यायला अंधारात बांधावरून जावे लागे. वाटेत साप-विंचवाची भीती. अशा माणसाला क्रिकेटच्या धावफलकापेक्षा विजेरीच अधिक ‘सुविधायुक्त’ वाटली, तर त्याची निवड चुकली असे कोण म्हणेल? जगभरात या संचाची विक्री पुढे २५ कोटींच्या घरात गेली. रात्रीची ही पायपीटच टळावी म्हणून पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारे उपकरण बनवले, हेही येथे आठवावे.

१ मे २००३ पासून आलेला कॉल फुकट झाला होता. प्रीपेडच्या विजयाचे मूळ त्या निर्णयात आहे. खिशात पैसे नसले तरी फोन वाजत राहणार. आपण ‘मिस कॉल’ द्यायचा, समोरच्याने उलट फोन करायचा. पैसे आले की छोटे रिचार्ज, नाहीतर तसेच. २००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांच्या ‘लाइफटाइम’ योजना निघाल्या. जून २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा दर आणला, आणि २० जानेवारी २०११ पासून क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची मुभा देशभर मिळाली. दोन सिमचे संच आले: एक सिम सगेसोयऱ्यांना ठाऊक असलेले, दुसरे ज्याचा दर स्वस्त त्याचे. पाश्चात्त्य देशांत रुजलेला दोन-दोन वर्षांचा करार येथे रुजला नाही, तो यामुळे.

आणि भाव? तो आता तरी शेतकऱ्याला आधी कळू लागला का? २००७ मध्ये ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा महाराष्ट्रातच सुरू झाली. वर्गणी भरली की बाजारभाव आणि हवामान मराठीत संदेशाने येई. अर्थात संचाला देवनागरी दाखवता यायला हवी. फोन निवडताना हाही प्रश्न होता. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातील १०० गावांत, सोयाबीनसह पाच पिकांवर तिचा परिणाम तपासला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष निराश करणारा होता: शेतकऱ्याला मिळालेल्या भावात लक्षणीय फरक आढळला नाही. भाव कळणे एक. तो भाव येईपर्यंत माल घरात ठेवण्याची ऐपत असणे दुसरे.

दरम्यान अंबानी बंधूंची वाटणी झाली. इन्फोकॉम अनिल यांच्याकडे गेली. मुकेश सप्टेंबर २०१६ मध्ये ‘जिओ’ घेऊन परतले, आणि २१ जुलै २०१७ रोजी त्यांनी ‘जिओफोन’ जाहीर केला: कळफलकाचा, पण ४जी इंटरनेट असलेला. किंमत शून्य, अनामत १,५०० रुपये, तीन वर्षांनी परत. बारकाव्यात पाहिले तर हाही करारच होता. दरवर्षी किमान १,५०० रुपयांचे रिचार्ज करण्याची अट होती, आणि संचात सिम चालणार ते जिओचेच. डिसेंबर २०१७ मध्ये थोरल्याच्या या लाटेपुढे धाकट्याची मोबाईल सेवा बंद पडली. २००३ चे ते सीडीएमए संच तोपर्यंत कोनाड्यातली खेळणी झाले होते.

जुलै २०१८ मध्ये, पुन्हा पेरणीच्याच दिवसांत, जिओने नवी योजना काढली: जुना साधा फोन द्या आणि जिओफोन न्या. नाव ‘मान्सून हंगामा’, रक्कम ५०१ रुपये. सोबत सहा महिन्यांचे ५९४ रुपयांचे रिचार्ज घेणे आले. अदलाबदलीसाठी कोणता जुना संच चालेल, याच्या अटी छापल्या होत्या. त्यात सीडीएमए संच आणि एकाच कंपनीला जखडलेले संच स्वीकारले जाणार नाहीत, असे लिहिले होते. पहिल्या ‘हंगामा’त ५०१ रुपये भरून घरी आणलेला फोन दुसऱ्या ‘हंगामा’त चालणार नव्हता.