टेबलावरचें पानिपत

पानिपताचा विषय निघाला, कीं आपल्याकडील प्रत्येक सुशिक्षित गृहस्थ क्षणभर सेनापति होतो. भाऊसाहेबांनीं गनिमी कावा सोडला, कुटुंबकबिला बरोबर नेला, होळकरांचें ऐकलें नाहीं, हे सारे दोष आपण सुपारी कातरतां कातरतां त्यांच्या पदरीं बांधतों. परवां एका सुटीच्या दिवशीं आम्हां तिघां मित्रांना तें सेनापतिपद टेबलावर भूषविण्याची संधि मिळाली.

आमच्या प्राध्यापक मित्रांनीं आपल्या जेवणाच्या टेबलावर पानिपतचें मैदान मांडलें होतें. बोटाच्या पेराएवढे स्वार, गारदी आणि तोफा; चाल मोजण्यास पट्टी, आणि झुंजीचा निकाल लावण्यास फांसे. युद्ध पटावर आणण्याची कल्पना आपणांस परकी नाहीं. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ हीं सेनेचीं चार अंगें मांडणारें चतुरंग आपल्याच देशांतलें. परंतु बुद्धिबळांत प्रतिपक्षाचें कांहींच झांकलेलें नसतें. ही उणीव प्रशियांत भरून निघाली. रायस्विट्झ नांवाच्या सरदारानें १८१२ सालीं तेथील राजास एक युद्धखेळ करून दिला, आणि लष्करी अधिकारी असलेल्या त्याच्या पुत्रानें १८२४ सालीं त्याचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. दोन्ही पक्षांनीं आपले हुकूम पंचाच्या हातीं द्यावयाचे, आणि शत्रु खरोखर जेवढा दृष्टीस पडावा तेवढाच पंचानें दाखवावयाचा, असा तो खेळ होता. पुढें १९१३ सालीं एच्. जी. वेल्सच्या ‘लिट्ल वॉर्स’ या पुस्तकानें खेळण्यांतल्या शिपायांची लढाई घरोघर नेली.

सकाळचा डाव आम्ही सारें उघडें ठेवून खेळलों. भाऊसाहेब मी, आणि अब्दाली आमचे वकील मित्र. पुढें काय घडणार हें मला पाठच होतें! मीं विश्वासरावांना मागें ठेवलें, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांआड आपले स्वार येऊं दिले नाहींत, आणि दुपारच्या आंत अब्दालीला यमुनेपार हांकून लावलें. एवढेंच तर करावयाचें होतें, असें मनांत आलें.

जेवणानंतर प्राध्यापक पंच झाले. टेबलाच्या मध्यें चादर टांगली गेली. या खेपेस डाव १४ जानेवारी १७६१ च्या सकाळीं नव्हे, तर नोव्हेंबर १७६० पासून सुरू झाला. प्रत्येक फेरीस पंच माझ्या हातीं एक चिठी देत. बळवंतराव मेहेंदळे पडले. गोविंदपंत बुंदेले मारले गेले. रसद येणार नाहीं. घोडीं उपासानें मरूं लागलीं. स्वारांची चाल निम्मी. गनिमी कावा आठवला, पण उपाशी घोड्यावर बसून तो कसा करावयाचा? थांबावें तर भूक, परतावें तर दिल्लीची वाट शत्रूनें अडविलेली. शेवटीं, ज्याबद्दल आजवर मीं भाऊसाहेबांना बोल लावला, तेंच मीं केलें: सारी छावणी घेऊन पहाटे बाहेर पडलों. फांशानें माझ्या विश्वासरावांना गोळीपासून वांचविलें. तरीहि दुपारीं चादरीआडून अब्दालीची राखीव फौज आली, तेव्हां तिच्यापुढें घालण्यास माझ्याजवळ एकहि ताजा स्वार उरला नव्हता.

सकाळचा विजय माझ्या बुद्धीचा नव्हता. अडीचशेंहून अधिक वर्षें उशिरां जन्मास आल्याचा तो लाभ होता. भाऊसाहेब चुकले नाहींत, असें मी म्हणत नाहीं. ऑक्टोबरांत बागपताजवळ अब्दाली यमुना उतरला, तेव्हां तेथें त्यास अडविण्यास पुरेसें सैन्य नव्हतें, ही चूक लहान नव्हे. परंतु चुकीचा न्याय करावयाचा, तर ती करणाऱ्यास त्या क्षणीं काय दिसत होतें आणि त्याच्या हातीं काय उरलें होतें, हें आधीं विचारलें पाहिजे. आपण इतिहास वाचतों तो चादर काढून. ज्यांनीं तो घडविला, त्यांना ती काढतां येत नव्हती.

वकील मित्र आजवर भाऊसाहेबांवरील आरोपपत्र आवेशानें वाचीत आलेले. सैनिक पेटींत भरून झाल्यावर ते एवढेंच म्हणाले, “पुढच्या खेपेस भाऊसाहेबांच्या बाजूला मी बसतों.”