सोलापूर सोळा गावांचे?

सोलापुरात कोणालाही विचारा, शहराच्या नावाची फोड एकच ऐकू येते: सोळा आणि पूर. आदिलपूर, अहमदपूर, फत्तेपूर, महंमदपूर, शेखपूर, राणापूर, जामदारवाडी अशा सोळा गावांचे मिळून सोलापूर झाले, असे म्हणतात. या गावांची यादीही मिळते. त्यामुळे ही गोष्ट तपासून पाहता येते.

आधी शिलालेख पाहू. कल्याणीच्या कलचुरींच्या काळातले, म्हणजे बाराव्या शतकातले लेख या गावाला ‘सोन्नलगे’ म्हणतात. कन्नड परंपरेत शिवयोगी संत सिद्धरामेश्वर आजही सोन्नलिगेचे सिद्धराम आहेत. पुढे उच्चार ‘सोन्नलगी’ झाला आणि यादवकाळापर्यंत तोच चालला. यादवांची सत्ता गेल्यानंतरचा, शके १२३८ (इ.स. १३१६-१७) मधला एक संस्कृत लेख मोहोळ तालुक्यात कामतीला सापडला. त्यात नाव आहे ‘सोनलीपूर’. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’ आहे, तर तिथल्याच विहिरीवरच्या लेखात ‘संदलपूर’.

आता सोळा गावांची यादी पुन्हा वाचावी. तिच्यात सोनलगी आहे, संदलपूर आहे आणि खुद्द सोलापूरही आहे. म्हणजे लेखांतून याच गावाची म्हणून येणारी नावे इथे वेगवेगळी गावे म्हणून मोजली गेली आहेत. शिवाय आदिलपूर, महंमदपूर, शेखपूर ही नावे उघडच सुलतानी अमलातली. सोन्नलगे हे नाव त्याआधीच रूढ होते.

‘सोळा’मध्ये ळ आणि ‘सोलापूर’मध्ये ल, हा आक्षेप मात्र निर्णायक नाही; दखनी बोलीत सोळाला ‘सोला’च म्हणतात. बहुधा याच उच्चारसाम्याने गोष्टीला बळ दिले असावे.

सोनलपूरमधला ‘न’ गळून सोलापूर झाले, ही व्युत्पत्ती लेखांच्या क्रमाशी जुळते. इंग्रजांनी त्याचे ‘शोलापूर’ केले. १८८४ च्या गॅझेटियरवर तेच नाव आहे आणि १९३० मध्ये सोलापुरात लागू झालेल्या लष्करी कायद्याच्या इंग्रजी कागदपत्रांतही तेच.

यादीतली गावे शहरात सामावली, त्यामुळे शहराच्या वाढीचा इतिहास लिहिताना ती यादी उपयोगी पडेल. नावाचा उगम मात्र सोन्नलगेतच मानावा लागतो.