विद्युतरोध व विद्युतशक्तीचे गणित
विद्युतदाब व विद्युतधारा ज्ञात असल्यास उष्णता देणाऱ्या विद्युत उपकरणाचा रोध व शक्ती काढता येते. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार, व्होल्टमधील दाबाला अँपिअरमधील धारेने भागले असता रोध ओहममध्ये मिळतो. दोहोंच्या गुणाकाराने शक्ती वॅटमध्ये मिळते. पंखा, पंप यांसारख्या मोटरवर चालणाऱ्या उपकरणांसाठी मात्र पॉवर फॅक्टरही विचारात घ्यावा लागतो.

भारतात घरगुती वीजपुरवठ्याचा प्रमाणित दाब २३० व्होल्ट आहे. एखादा गिझर ८.७ अँपिअर धारा घेत असेल, तर त्याचा रोध सुमारे २६.४ ओहम व शक्ती सुमारे २००० वॅट भरते. असा गिझर ६ अँपिअरच्या सॉकेटला जोडू नये. त्यासाठी १६ अँपिअरचे सॉकेट व त्यास साजेशी जाड तार आवश्यक असते.

यामागील कारण असे की, तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सैल जोडाचा रोध अवघा अर्धा ओहम असला, तर ६ अँपिअर धारेने तेथे १८ वॅट, तर ८.७ अँपिअर धारेने सुमारे ३८ वॅट उष्णता निर्माण होते. एवढी उष्णता एकाच ठिकाणी साचल्यास तारेचे आवरण वितळून आग लागण्याचा धोका संभवतो.