लाल हाडांची साक्ष

1736 साली लंडनचे शल्यचिकित्सक जॉन बेल्चियर एका कापड छापणाऱ्याच्या घरी जेवायला गेले. ताटातल्या डुकराच्या मांसातली हाडे चक्क लाल होती. चौकशी केल्यावर उलगडा झाला. मॅडर या आपल्या मंजिष्ठेच्या कुळातल्या वनस्पतीच्या मुळांनी रंगवलेले कापड ज्या कोंड्याने साफ करीत, तोच कोंडा डुकरांना चारला जाई. बेल्चियर यांनी हे रॉयल सोसायटीला कळवले. पुढे फ्रान्समध्ये द्युहामेल यांनी प्राण्यांना काही दिवस मॅडर चारून, काही दिवस बंद करून पाहिले. हाडांत लाल-पांढरे थर आळीपाळीने दिसले. रंग नव्याने बनणाऱ्या हाडावर चढतो, हे त्यातून उमगले.

1826 मध्ये रोबिके आणि कोलँ यांनी या मुळांतले रंगद्रव्य वेगळे केले, ते अलिझरिन. उर्दू जाणणाऱ्यांना या नावातला 'अल' लगेच खुणावेल. त्याचे मूळ बहुधा अरबी 'अल-उसारा' म्हणजे पिळून काढलेला रस, असे मानले जाते. 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी ते प्रयोगशाळेत बनवले आणि मॅडरची शेती बसली.

1901 मध्ये फॉन कोसा यांनी दुसरी रीत दिली. चांदीच्या क्षाराने खनिज काळे दिसते. पण ही चांदी फॉस्फेटला धरते, कॅल्शियमला नव्हे. कॅल्शियमला धरते ते अलिझरिन.

आज हाड घडवणाऱ्या पेशी बशीत काही आठवडे वाढवून अलिझरिनने रंगवतात. पण 'जास्त लाल' आणि 'कमी लाल' हे नुसत्या डोळ्यांनी कसे ठरवायचे? 2004 मध्ये ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी अॅसिटिक आम्लाने तो रंग सोडवून, अमोनियाने आम्लता घालवून, 405 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजण्याची रीत मांडली. अंदाजाच्या जागी आकडा आला.

तरीही आकडा म्हणजे हाड नव्हे. पेशी मेल्या किंवा फॉस्फेट जास्त झाले, तरी कॅल्शियमचा साका बसतो आणि रंग तोही पकडतो. बोनवॉल्ड आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये फॉन कोसा रीतीबद्दल हाच इशारा दिला होता: केवळ रंगावरून हाड बनले म्हणू नका, क्ष-किरण विवर्तनासारख्या चाचण्यांनी खनिजाची जात तपासा. ठिसूळ हाडांवरच्या औषधाची पहिली पारख अशाच बशीत होते. तिथे मेलेल्या पेशींवरचा साका 'नवे हाड' म्हणून मोजला गेला, तर निरुपयोगी औषधही गुणकारी वाटेल.