मुलगा नादार ठरला तरी शैक्षणिक कर्ज बापाच्या मागे

पांढुर्णा-सौंसरची पोरं शिकायला नागपूरला जातात. त्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज काढलं, की कागदावर मुलासोबत बापाचीही सही असते. नोकरी लागली नाही, संत्र्यानंही दगा दिला, की हप्ते थकतात. मग प्रश्न येतो : दिवाळखोरीत गेलं तर सुटका होते का?

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत शैक्षणिक कर्ज 'वगळलेलं' आहे. कलम ७९ मध्ये ते कोर्टाचा दंड आणि पोटगीच्या रांगेत बसवलंय. बाकी देणी मिटली तरी ते उरतं. पण संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांनाच लागू झाला. आपल्याकडच्या सामान्य कर्जदाराला अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. त्यात अर्जासाठी देण्याची मर्यादा आजही ५०० रुपये!

या जुन्या कायद्याच्या कलम ४४ मध्ये, माफ न होणाऱ्या देण्यांत शैक्षणिक कर्जाचं नाव नाही. खरी मेख पुढं आहे : मुलगा मुक्त झाला तरी सहकर्जदार आणि जामीनदार मुक्त होत नाहीत. बँक बापाला धरते.

म्हणून हप्ता ९० दिवस थकून खातं एनपीए होण्याआधीच शाखेत जाऊन मुदतवाढ मागावी. उशीर झालाच तर लोक अदालतीत तडजोड करता येते. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही, तेव्हा रक्कम झेपेल तरच सही करावी. पैसे भरल्यावर 'नो ड्यूज' दाखला दोघांच्याही नावानं घ्यावा.