एक दांडा, चार सांधे: जीपच्या पुढच्या एक्सेलची गोष्ट

आजच्या भागात सेनापती नाहीत, रणगाडेही नाहीत. आज बोलायचंय एका पोलादी दांड्याबद्दल: जीपच्या पुढच्या एक्सेल शाफ्टबद्दल. दुसऱ्या महायुद्धातली जीप समजून घ्यायची तर मी इंजिनाआधी या दांड्याकडे बघेन.

अडचण काय होती? मागच्या चाकाला नुसतं फिरायचं असतं. पुढच्याला फिरायचंही असतं आणि वळायचंही. म्हणजे त्याला ताकद देणारा दांडा मध्येच वाकला पाहिजे आणि वाकलेला असतानाही फिरत राहिला पाहिजे. असा सांधा सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने इंग्लंडमध्ये मांडला होता. आपले मिस्त्री त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. पण त्यात एक खोट आहे. सांधा ३० अंशांत वाकला, की एका फेरीत दांड्याचं पुढचं टोक दोनदा सुमारे १५ टक्के जोरात आणि दोनदा १३ टक्के हळू फिरतं. मग वळणावर स्टिअरिंगला हिसके बसतात आणि दांडा विनाकारण ताण सोसतो.

यावर १९२०च्या दशकात वेगवेगळे लोक आपापल्या परीने झटत होते. फ्रान्समध्ये झाँ-आल्बेर ग्रेग्वार आणि पिएर फनाय यांनी ‘ट्रॅक्टा’ सांधा काढला आणि १९२७ साली त्यावर चालणारी गाडी थेट ल मान्सच्या शर्यतीत उतरवली. अमेरिकेत आल्फ्रेड झेप्पाने सहा पोलादी गोळ्या पिंजऱ्यात बसवून तेच साधलं. कार्ल वाइसचा गोळ्यांचाच वेगळा सांधा बेंडिक्स कंपनीने हाती घेतला. या सगळ्यांत दांडा वाकला तरी वेग एकसारखा राहत होता.

२३ सप्टेंबर १९४० रोजी बँटम कंपनीने जीपचा पहिला नमुना मेरीलँडमधल्या होलाबर्डच्या लष्करी तळावर पोचवला. लष्कराला चारही चाकांना ताकद हवी होती. आता हिशेब करा. युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्डने मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या. प्रत्येकीला पुढे दोन सांधे, म्हणजे जवळपास १३ लाख! ट्रकचे आणि राखीव सुट्या भागांचे वेगळेच. गोळ्यांच्या खाचा अतिशय बारीक मापाने घासाव्या लागत, आणि तशी यंत्रं होती मोजकी. इंजिनं तयार, चाकं तयार, पण सांधा नाही म्हणून गाडी अडलेली, अशी वेळ आली.

मग काय केलं? एकाच सांध्याचा हट्ट सोडला. जीपमध्ये बेंडिक्स, झेप्पा, ट्रॅक्टा आणि स्पायसर अशा चारही जातींचे सांधे बसले. आत यंत्रणा वेगळी, बाहेरून हौसिंग त्याच धाटणीचं.

आणि इथेच एक्सेलची रचना कामी आली. जीपचा एक्सेल ‘फुल फ्लोटिंग’, म्हणजे गाडीचं वजन स्पिंडल पेलतो. शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. त्यामुळे डिफरेन्शियल न उघडता शाफ्ट बदलता येतो. चाक काढा, हबची फ्लँज काढा, हब आणि ड्रम उतरवा, ब्रेकची प्लेट आणि स्पिंडल सोडवा, की शाफ्ट सांध्यासकट बाहेर ओढता येतो. नवा बसवताना सांध्यात ग्रीस भरायचं, आतलं टोक ऑइल सीलला न खरचटता सरकवायचं आणि हलकेच फिरवत डिफरेन्शियलच्या खाचांत बसवायचं. डावा-उजवा मात्र बघायचा! डिफरेन्शियल उजवीकडे सरकलेलं असल्यामुळे डावा शाफ्ट लांब असतो. सील फाटलं तर डिफरेन्शियलचं तेल सांध्याच्या गोळ्यात उतरतं आणि ग्रीस पातळ होतं.

चिखलात, जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली हे काम होऊ शकत होतं. सैन्याच्या दृष्टीने हे सांध्याच्या शोधाइतकंच मोलाचं होतं, असं मला वाटतं.

युद्धानंतर गंमत झाली. पुढे बऱ्याच जीपमध्ये साधा क्रॉसच आला. पुढची चाकं जोडायची ती चिखलात नाहीतर चढावर, तेही हळू चालताना. तिथे ती जुनी खोट चालून जाते. मुंबईत महिंद्रने जीप जोडायला घेतल्या आणि हा एक्सेल आपल्या गॅरेजांतही ओळखीचा झाला. झेप्पाचा सांधा मात्र पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत शिरला, अगदी मारुती ८००पर्यंत. वळताना चाकातून कट-कट आवाज आला, की मिस्त्री ज्याला ‘सीव्ही जॉइंट गेला’ म्हणतो, तो हाच.

तेव्हा पुढच्या वेळी तो आवाज ऐकलात, तर खर्चाआधी क्षणभर या गोष्टीची आठवण काढा. भेटू पुढच्या भागात.